समाधान झालं असेल तर एक दाबा

“मॅडम, खात्यात एक रुपया आलाय. बाकीचे मागून येतात का हो?”

मला हसू फुटलं. म्यूटचं बटण दाबून मी पोटभर हसून घेतलं आणि मग आवाजात मध घालून म्हणाले, “आपल्या सेवेत निलांबरी. आपला विक्रेता क्रमांक सांगता का?”

“क्रमांक होय? वहीत लिहिलाय. थांबा हं, हात साखरेचे आहेत, पुसते.”

आठ वर्षं होऊन गेली, पण त्या पोरीला, म्हणजे मला, त्या हसण्यावरून आजही दोन ठेवून द्याव्याशा वाटतात. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत एका कॉल सेंटरमध्ये कंत्राटावर होते. एका मोठ्या ऑनलाइन बाजाराचं काम आमच्याकडे होतं, नाव नाही घेत. माल विकत घेणाऱ्यांचे फोन दुसरीकडे जायचे. आमच्याकडे यायचे विकणारे, आणि विकणाऱ्याचा प्रश्न दहांतून नऊ वेळा एकच असायचा, पैसे कधी मिळणार. उत्तर मला झोपेतून उठवलं तरी पाठ होतं. माल गिऱ्हाइकाच्या हातात पडला की सात दिवस तो परत करायची मुदत. ती संपली की कमिशन आणि कुरिअरचा खर्च कापून उरलेली रक्कम यादीत लागते. यादी मंगळवारी संध्याकाळी बंद होते, बुधवारी पैसे बँकेत. मंगळवार हुकला तर पुढच्या बुधवारपर्यंत थांबायचं.

स्क्रीनवर नाव आलं, कुसुम वसंत टेंबे, संगमनेर. माल, हलव्याचे दागिने.

“बोला कुसुमताई.”

“अगंबाई! कुसुम कोणी म्हटलं नाही हो अठरा वर्षांत. मी मृणाल. मृणाल उपासनी.”

“इथं तर कुसुम टेंबे दिसतंय.”

“ती पण मीच. माहेरची. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं मृणाल लिहिलं, तेव्हापासून मृणाल. पॅनकार्ड काढताना शाळेचा दाखला लावला होता, त्यावर कुसुम राहिलं. बँकेत मात्र मृणाल आहे.”

घोळ कुठे आहे ते मला तिथल्या तिथे कळलं. पैसे सोडायच्या आधी कंपनी खात्यात एक रुपया टाकून बघायची, खातं कुणाच्या नावावर आहे ते. विक्रेती कुसुम, खातेदार मृणाल. मशीनला काय ठाऊक तांदूळ आणि अंगठी! त्याने रुपया टाकला, नाव वेगळं दिसलं आणि बाकीची सगळी रक्कम अडकवून ठेवली. एक्केचाळीस हजार सहाशे.

“ताई, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून पाठवावं लागेल. तहसील कचेरीत होईल. मी तुमची केस उघडते.”

“केस? कोर्टात?”

“नाही हो, तक्रारीला आम्ही केस म्हणतो.”

“हं, मग उघडा. आणि मॅडम, बावीस फेब्रुवारीच्या आत होईल ना? त्या दिवशी घरात लग्न आहे. नणंदेचं.”

“त्याच्या कितीतरी आधी होईल,” मी म्हणाले. जानेवारीची सत्तावीस तारीख होती. मला खरंच तसं वाटलं होतं, एवढं मात्र मी शपथेवर सांगेन.

बाई कामाला वाघीण. शुक्रवारी फोन झाला, सोमवारी दुपारी प्रतिज्ञापत्र तयार. कुठल्याशा सायबर कॅफेत जाऊन तिने ते केसला जोडलंसुद्धा. वर आपली लग्नपत्रिका जोडली, आणि कहर म्हणजे तांदळाच्या ताटाचा अल्बममधला फोटो. तो फोटो मी शेजारच्या दोघींना बोलावून दाखवला. तिघी मिळून हसलो.

आता हे कागद तपासायचे होते तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी. त्यांना सहा-सात दिवस लागायचे. आणि आमचा नियम असा, की केस तीन दिवसांच्या वर उघडी राहिली तर जिने उघडली तिचे गुण कापायचे. वरच्या मजल्याने उशीर केला तरी गुण आमचेच. असल्या नियमाला काय म्हणायचं!

सोमवारी चार वाजता आमचा टीम लीडर तुषार गांगुर्डे माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. स्वभावाने वाईट नव्हता, पण आकड्यांपुढे त्याला माणूस दिसायचं नाही.

“निलांबरी, संगमनेरची केस लाल होतेय.”

“कागद आलेत ना सर. वर पडलेत.”

“वरचं वर. आपलं आपण बघायचं. पंधरा तारखेला कायम करायची यादी लागणार आहे, सहा जागा आहेत आणि तू आत्ता पाचवी आहेस. एक लाल झाली की नववी होशील.”

“मग काय करू?”

“नवीन आहेस का? बंद कर. बाई परत फोन करेल, नवी केस उघडेल, घड्याळ नव्यानं सुरू होईल.”

“पण केस बंद केली की कागद तिच्यातच राहतात सर. बाईला परत शून्यापासून...”

“परत जोडेल. तुझी काय आत्या लागते ती?”

बाबांची कंपनी बंद पडून दीड वर्ष झालं होतं. घरात माझा एकटीचा पगार. हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्या वेळी मात्र ते कारण म्हणूनच माझ्या डोक्यात वाजत होतं.

आम्हाला केस परस्पर बंद करता यायची नाही. विक्रेत्याच्या मोबाइलवर इंग्रजीत मेसेज जायचा, आपल्या शंकेचं समाधान झालं असेल तर एक दाबा. समोरच्याने एक दाबला तरच केस बंद. म्हणजे माझ्या हातून काही नव्हतंच व्हायचं, सगळं तिच्याच हातून करून घ्यायचं होतं.

मी फोन लावला. “मृणालताई, निलांबरी बोलतेय.”

“अगंबाई, तुम्ही आपणहून फोन केलात! झालं का हो काम?”

“होतंय. तुम्हाला आत्ता एक मेसेज येईल. इंग्रजीत आहे, घाबरू नका. फक्त एक दाबायचा. म्हणजे काम पुढे सरकेल.”

“एवढंच ना? आला बघा. हा दाबला एक. बरोबर झालं?”

“बरोबर झालं.”

“फार चांगल्या आहात हो तुम्ही. नाहीतर आजकाल कोण एवढं करतं.”

स्क्रीनवर केस हिरवी झाली. तुषारने लांबूनच अंगठा दाखवला. पोटात कुठेतरी खड्डा पडला होता, तो मी कॅन्टीनचा वडापाव खाऊन भरला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी तो भरलाही.

पुढच्या सोमवारी तिचा फोन परत आला. आमच्याकडे ज्याची लाइन मोकळी त्याला फोन जायचा, पण ती हट्टाने म्हणाली होती, मला निलांबरीच हव्यात. शेजारच्या मुलीने हसत माझ्याकडे ढकलला.

“निलांबरी, बुधवार गेला की हो. रुपयासुद्धा आला नाही. आणि मला मेसेज आलाय कागदपत्रं जोडा म्हणून. मी तर जोडली होती ना?”

“हो ताई. जरा तांत्रिक अडचण झाली. परत जोडावी लागतील.”

“परत?” ती म्हणाली. “जोडते. त्याला काय. पण एक विचारू? रागावू नका. हे पैसे नक्की येणार ना?”

“म्हणजे काय! येणारच.”

“तुम्हाला म्हणून सांगते,” तिचा आवाज एकदम खाली आला. मागे कुठेतरी भांडी वाजत होती. “यंदा पहिल्यांदाच ऑनलाइन केलं. दीडशे संच गेले. नव्या नवरीचे, बाळाच्या बोरन्हाणाचे, जावयाचे हार, सगळे. तीन महिने चार बायका हाताखाली होत्या. हलवा काय असा तसा होतो? मंद शेगडीवर एकेका खसखशीला पाकाची बोटं लावत बसायचं, तेव्हा कुठे काटा फुटतो. साखर, खोके, बायकांची मजुरी, पैसे आणायचे कुठून? तर सासूबाईंनी आपल्या पाटल्या काढून दिल्या. म्हणाल्या, सराफाकडे ठेव, संक्रांत झाली की सोडवून आण, कुणाला बोलू नकोस.”

“मग?”

“मग काय! त्या पाटल्या चारूला द्यायच्या ठरलेल्या. माझी नणंद. लग्नाच्या यादीत लिहिल्यात, विहीणबाईंनी हातात घेऊन बघितल्यात. चारूला माहीत नाही, ह्यांनाही माहीत नाही. मी आणि सासूबाई, दोघींनाच. बावीसला सकाळी तिच्या हातात त्या असल्या पाहिजेत. नसल्या तर मी कुठे तोंड लपवू सांगा.”

मला त्या क्षणी काय करायला हवं होतं हे लख्ख कळलं होतं. कागदांची प्रत काढायची, जिना चढायचा आणि तिसऱ्या मजल्यावर कागद तपासणाऱ्या सुभाष देवरेंच्या टेबलावर ठेवायची. त्याला बंदी नव्हती, फक्त तशी रीत नव्हती. आणि मधल्या वेळात खुर्ची सोडली की प्रत्येक मिनिटाचे गुण कापले जायचे. पंधरा तारखेला नऊ दिवस उरले होते. मी तेव्हा सहावी होते.

“काळजी करू नका ताई,” मी म्हणाले, “मी स्वतः लक्ष घालते.”

तिसऱ्या दिवशी नव्याने उघडलेली केसही लाल व्हायला आली. मी परत फोन केला, परत मेसेज पाठवला, आणि मृणालताईंनी परत एक दाबला. ह्या वेळी त्या म्हणाल्या, “दाबताना देवाचं नाव घेतलं हो.” केस हिरवी झाली. तुषारला सांगायचीही गरज पडली नव्हती. पहिल्यांदा त्याने शिकवलं होतं, दुसऱ्यांदा मी आपणहून केलं. त्याच्या नावाने बोटं मोडायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

पंधरा तारखेला, बुधवारी, यादी लागली. माझं नाव सहावं. पत्र हातात पडलं, आईने देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. बाबा शेव आणायला म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आल्यावर डोळे लाल दिसले. त्या दिवशी आमच्या घरात सण होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन.

“निलांबरी, मी मृणाल.” आवाज ओळखू येईना इतका बसला होता. “कालचाही बुधवार गेला. मी आधी दुसऱ्या एकांशी बोलले. ते म्हणाले, तुमची केस बंद आहे, समाधान झालं अशी नोंद आहे. दोनदा. कुणाचं समाधान झालं हो? कुणी लिहिलं असं?”

आता सांगायची वेळ होती. पत्र खिशात होतं, माझ्या केसालाही धक्का लागणार नव्हता. ‘ताई, मी चुकले’ एवढेच तीन शब्द. फार तर तिने दोन शिव्या दिल्या असत्या.

“सिस्टीमनं,” मी म्हणाले.

“सिस्टीमनं कसं?”

“म्हणजे... एक दाबला की सिस्टीमला वाटतं समाधान झालं.”

 

“एक तर मीच दाबला,” त्या हळूच म्हणाल्या. “दोन्ही वेळा मीच. म्हणजे माझंच चुकलं. इंग्रजी वाचून बघायला पाहिजे होतं, कुणाला तरी विचारायला पाहिजे होतं. मी आपली मुकाट दाबत गेले.”

“तसं नाही ताई...”

“नाही हो, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता. तुम्ही किती केलंत.”

मी हेडफोन काढला आणि उठले. तुषार मागून ओरडला, “कुठे निघालीस?” मी वळून बघितलं नाही. कागदांची प्रत काढली आणि जिना चढून गेले. देवरेंनी चष्मा कपाळावर चढवून कागद वाचले, तांदळाच्या ताटाचा फोटो बघितला, आणि म्हणाले, “हात्तिच्या! माझ्या बायकोचं पण असंच आहे. कमल होती, अनघा झाली.” कॉम्प्युटरवर चार ठिकाणी टिचक्या मारल्या. “झालं. सुटले पैसे.”

“एवढंच?”

“एवढंच. आधी का नाही आणलंस? परवा मंगळवारी दिलं असतंस तर काल जमा झाले असते. आता यादी पुढच्या मंगळवारची. म्हणजे बुधवारी, बावीसला.”

“त्याआधी नाहीच का सोडता येणार सर? लग्न आहे हो तिच्या घरी.”

“यादी माझ्या हातात नाही गं बाई. ती मुंबईहून लागते.”

सगळं मिळून दहा मिनिटं लागली. घड्याळात बघितलं म्हणून सांगते.

खाली येऊन मी फोन लावला. “ताई, पैसे सुटले. बुधवारी नक्की येतात.”

“बुधवारी कितीला? मुहूर्त अकरा चाळीसचा आहे.”

“दिवसभरात केव्हाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने परत म्हणाल्या, “बरं. सराफाच्या हातापाया पडून बघते. एक दिवस आधी देईलही, माणूस तसा ओळखीचा आहे.”

बावीस तारखेला मी दर अर्ध्या तासाने तिचं खातं उघडून बघत होते. अकरा चाळीसला काही नाही. दोनला काही नाही. चार वाजून दहा मिनिटांनी हिरवी खूण आली, रक्कम जमा. मी मनात म्हटलं, सराफाने दिल्या असतील. ओळखीचा आहे म्हणाली होती. दिल्याच असतील.

चार दिवस मी हेच घोकलं आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी, संगमनेरच्या एसटीत बसले. विक्रेत्याच्या घरी जाणं नियमात बसत नव्हतं, पण पत्ता माझ्या स्क्रीनवर रोज दिसत होता, तो काय मला विसरता येणार होता? कशाला निघाले होते म्हणाल तर क्षमा मागायला नाही. मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं की सगळं नीट पार पडलं. ते ऐकलं की मला शांत झोप लागणार होती. हातात पेढ्यांचा पुडा घेतला होता, लाज बघा माझी.

दार मृणालताईंनीच उघडलं. ठेंगणी, सावळी, चेहऱ्यावर थकवा, बोटांच्या टोकांना भाजल्याचे जुने डाग. लग्नघर चार दिवसांतच इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. दाराला तोरण तसंच होतं.

“कोण पाहिजे?”

“मी निलांबरी. फोनवरची. मावशीकडे आले होते इकडे, म्हटलं...”

“अगंबाई, निलांबरी!” त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “किती लहान आहेस गं तू! मला वाटायचं चांगली चाळिशीची असशील. ये, ये आत.”

आतल्या खोलीत त्यांच्या सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एकदा मान वर करून पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मृणालताईंनी दोन खोल्यांमधला पडदा ओढून घेतला, मला पाटावर बसवलं, पाणी दिलं.

“पैसे आले ना ताई?”

“आले गं. पै न् पै आली. गुरुवारी सकाळी सराफाचं दार उघडायच्या आधी मी तिथे उभी होते.”

गुरुवारी. म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. हातातलं पाणी मला प्यावेना.

“आणि लग्नात?”

त्यांनी पडद्याकडे एकदा बघितलं आणि खालच्या आवाजात सांगू लागल्या. “सराफ नाही म्हणाला. त्याचंही बरोबर, धंदा आहे. मी चारूला बेन्टेक्सच्या घातल्या. वाटलं, एक दिवस निभेल. पण विहीणबाई जाणत्या. वधूला ओवाळताना हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ह्या त्या नव्हेत. सगळ्या मांडवासमोर. चारू आईकडे बघायला लागली. आणि आई म्हणाल्या...”

त्यांनी पदराने ओठ पुसले.

“आई म्हणाल्या, मला काय विचारता, सुनेला विचारा. कपाटाची किल्ली तिच्याकडे असते.”

“पण त्यांनीच तर काढून दिल्या होत्या!”

“हळू बोल गं. त्या तरी काय करणार? विहिणीसमोर कसं सांगायचं, लेकीच्या पाटल्या मीच गहाण टाकायला दिल्या म्हणून? घाबरल्या. त्या दिवसापासून माझ्याशी डोळा भिडवत नाहीत, जेवत पण नाहीत धड. मी उलटून बोलले असते तर लग्न मोडलं असतं. मग मीच म्हटलं, हो, मी काढल्या. लग्न लागलं.”

“आणि तुमचे मिस्टर?”

“बोलत नाहीत. पाटल्या घेऊन तेच गेले चारूकडे. तिने घेतल्या आणि निरोप पाठवला, वहिनीला म्हणावं माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. अठरा वर्षांपूर्वी आले तेव्हा सात वर्षांची होती गं ती. माझ्या मांडीवर बसून जेवायची.” एवढं सांगितलं आणि मग मात्र त्यांना रडू आलं. आवाज न करता रडत होत्या, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

मी तिथे बसले होते. ओठांवर सगळं आलं होतं. एक दाबा म्हणजे काय होतं, माझी सहावी जागा, तिसरा मजला, ती दहा मिनिटं. सांगणार होते, देवाशप्पथ सांगणार होते. तेवढ्यात त्यांनीच डोळे पुसले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“अगं, तू देवासारखी आलीस बघ! तू कंपनीतली. तुझं ऐकेल ती. मी म्हटलं की पैसे अडकले होते, तर तिला वाटतं थापा मारतेय, पाटल्या मोडून खाल्ल्या आणि मागाहून नव्या केल्या. तू सांग तिला. पैसे खरंच होते, पण अडकले होते, आणि कुणामुळे अडकले ते. एवढंच सांग. मी उसन्या घेतल्या, चोरल्या नाहीत, एवढं तिला कळलं तरी पुरे मला.”

माझ्या हो-नाहीची वाट न बघता त्यांनी फोन लावला. “चारू, ठेवू नकोस गं, ठेवू नकोस! कंपनीच्या मॅडम आल्यात घरी, त्यांच्याशी बोल, एकच मिनिट.” आणि फोन माझ्या हातात दिला. स्वतः समोर बसल्या, माझ्या तोंडाकडे बघत.

“हॅलो,” पलीकडून करकरीत आवाज आला. “कोण?”

“मी... ऑनलाइन कंपनीतून. तुमच्या वहिनींचे पैसे जानेवारीतच यायचे होते. ते अडकले होते.”

“खरंच अडकले होते?”

“हो. खरंच.”

“कुणामुळे?”

एक शब्द पुरे होता. माझ्यामुळे. तिने कंपनीत तक्रार केली असती तर पत्र गेलं असतं, बाबांची शेव गेली असती, सगळं गेलं असतं. हे सगळं मला एका श्वासात दिसलं, आणि मृणालताईंचा चेहरा दोन हातांवर होता.

“नावाचा घोळ झाला होता,” मी म्हणाले. “पॅनकार्डावर एक, बँकेत दुसरं. शिवाय केस बंद करायचा मेसेज गेला होता, त्यावर त्यांच्याकडून दोनदा एक दाबला गेला.”

“म्हणजे वहिनीचीच चूक.”

मी काहीच बोलले नाही.

“बाहेरच्या माणसाला बोलावून खुलासे करायला लावायचे, आणि चूक तरी स्वतःचीच! तिला सांगा, परत फोन करू नकोस.” फोन बंद झाला.

मी तो कानालाच धरून ठेवला. समोर मृणालताई पुढे झुकून बसल्या होत्या, पदराचं टोक मुठीत आवळून.

“काय म्हणाली गं?”

“समजलं म्हणाली,” मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. मग पडद्याकडे वळून, चार दिवसांत पहिल्यांदाच असावं, मोठ्याने म्हणाल्या, “आई, ऐकलंत का? समजलं म्हणाली चारू. येईल बघा ती आता. मी कधीची म्हणत होते, सांगणारं माणूस भेटायला पाहिजे फक्त!”